ड्यूटी बदलताना

सोमवार, ४
आज अतिदक्षता विभागात नर्स म्हणून रुजू झाले. जागा स्वच्छ, माणसं बोलकी आणि चहा चक्क गरम मिळतो. आणखी काय हवं? इन्चार्ज सिस्टरना सगळे माई म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, पेशंट वॉर्डात हलवायचा तो सकाळी, डॉक्टर समोर असताना. संध्याकाळी ड्यूटी बदलताना कधीच नाही. तेव्हा गेलेला धड घरी जात नाही म्हणे. मी मान डोलावली. मनात म्हटलं, माई जरा घाबरटच दिसतात.

गुरुवार, ७
खिडकीजवळचे मास्तर गेले. परवा माझ्या अक्षराला नावं ठेवत होते. काल संध्याकाळी आम्ही पुढच्या पाळीला माहिती देत होतो, वळून बघतो तर खाट रिकामी. आम्हाला वाटलं त्यांनी हलवलं, त्यांना वाटलं आम्ही. वॉर्डात सकाळपर्यंत श्वास पुरला नाही. डॉक्टर म्हणाले, मी तर अजून थांबा म्हटलं होतं. सगळ्यांनी एकमेकांवर ढकललं आणि चहाला गेले. मी गेले नाही.

शनिवार, ९
वॉर्डातल्या सिस्टरला खोदून विचारलं. तुमच्याकडूनच फोन आला, म्हणाली, खाट तयार ठेवा, पेशंट पाठवतेय. आवाज माईंचा होता. नियम सांगणारीच नियम मोडते? पण त्या वेळी माई माझ्या शेजारी उभ्या होत्या. होत्या ना? पाणी कुठेतरी मुरतंय.

मंगळवार, १२
दादाला रविवारी इथेच आणलंय. गाडीने उडवलं. आईबाबांच्या मागे त्यानेच मला शिकवलं, मला दुसरं कोणी नाही. आज श्वासाची नळी काढली. डॉक्टर म्हणतात, शुक्रवारी सकाळी हलवू, त्याआधी हलवलं तर श्वासाचा भरवसा नाही. मी माईंवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतेय. त्यांनाही ते कळलंय.

बुधवार, १३
रजा टाकली, दादापाशी बसले. त्याने खुणेनेच विचारलं, जेवलीस का. रडूच आलं. ड्यूटी बदलताना त्याचा हात सोडला नाही. माई जवळ येऊन म्हणाल्या, माझा नवराही असाच गेला गं, मी तिकडे माहिती देत उभी होते. मला स्वतःची लाज वाटली. मग माई नाहीत, तर कोण?

गुरुवार, १४
संध्याकाळ. स्ट्रेचरवाले काका दादाला न्यायला आले. मी आडवी आले. कोणी सांगितलं? काका गोंधळले. म्हणाले, तूच ना बाई, आत्ता फोन केलास—

मी जागची हललेही नाही. काकांना घालवलं. उजव्या हातात पेन, डाव्यात दादाचा हात. फक्त सकाळपर्यंत—

माई माझ्याकडे बघत नाहीयेत. टेबलाकडे बघतायत. तिथे कोणी नाही, पण रिसीव्हर उचललेला—

माझाच आवाज. शांत. सांगतोय, खाट तयार ठेवा, पाठवतेय, बहिणीने हात सोडलाय—

खोटं आहे. मी सोडलेला नाही. माझ्या मुठीत अजून त्याची बोटं— नाही, ही चादर आ—