आप्पांचा रुमाल

न्हावरे, २६ जानेवारी १९९८, संध्याकाळ

माईक आज चांगला वाजला. हे आधी लिहून ठेवतो, कारण दुसरं चांगलं लिहिण्यासारखं काही नाही.

शाळेचा तो स्टीलच्या जाळीचा जुना, जड माईक तीन वर्षं कपाटात पडून होता. आठवडाभर खपून मीच त्याच्या कॉईलची तुटलेली तार जोडली. केसाहून बारीक तार, श्वास रोखूनच जोडावी लागते. सकाळी झेंडावंदनानंतर त्यात बोलून आवाज तपासला आणि माईक आप्पांकडे दिला. आप्पा सोसायटीचे चेअरमन, आजचे पाहुणे. त्यांनी खिशातून रुमाल काढला, जाळी नीट पुसली आणि मग भाषण सुरू केलं.

धूळ असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मधे हेडमास्तरांनी बक्षिसांची नावं वाचली. त्यांच्या हातून माईक परत घेताना आप्पांचा रुमाल निघाला नाही. मी बौद्ध वस्तीतला. धूळ काय फक्त मी बोलल्यावरच बसते?

नंतर माईक खरखरायला लागला. आप्पा म्हणाले, "बघ की रं, काय झालंय त्याला." मी वायर घट्ट केली, पुन्हा हॅलो हॅलो म्हणालो. तेवढ्यात त्यांचा हात खिशाकडे गेलेला दिसला. समोर सगळी शाळा, पहिल्या रांगेत माझी पोरगी.

आणि मी काय केलं? माझ्याच सदऱ्याच्या बाहीनं जाळी पुसली आणि माईक पुढं केला.

"आत्ता कसं," आप्पा म्हणाले. रुमाल खिशातच राहिला.