माखलेल्या प्लेटा

९ सप्टें.
सासूबाईंबरोबर कामठ्याला. राइस मिलच्या नाल्याकाठची त्यांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, पाहिली. धान हिरवागार आणि आडवा. लोंब्या पोचट. मिलच्या पाण्यात नायट्रोजन भरमसाट, पीक नुसतं माजतं. "आता पडीतच ठेवीन," म्हणाल्या. माहेरची बांधी आहे त्यांची. फार वाईट वाटलं.

१४ सप्टें.
कॉलेजातला प्रयोगाचा डबा कुडव्याला घरी आणला, मागच्या पडवीत. आत मिलचं पाणी. माशांच्या टाकीच्या पंपानं हवा. एका कप्प्यातले जंतू घाण खाऊन वीज सोडतात, दुसऱ्यातले त्या विजेवर नायट्रेट फोडतात, नायट्रोजन हवेत. सासूबाई: "दिवा लागते का यानं?" नाही. "मंग कायची वीज वं!"

२ ऑक्टो.
कार्बनच्या प्लेटांवर काळा बुळबुळीत थर! जंतूंचं घरच ते. नायट्रेटची पट्टी रोज गुलाबी व्हायची, आज जवळजवळ पांढरी. मिलचे शेठ म्हणाले, "ले आओ मॅडम, देखते हैं." जमलं तर नाल्यावर मोठं बसवतील. ह्यांना फोनवर ओरडूनच सांगितलं, उद्या प्लेटा शेठकडे!

३ ऑक्टो.
सकाळी पडवीत प्लेटा लख्ख. राखेनं घासलेल्या, ओळीनं वाळत.
सासूबाई: "दुसऱ्याच्या घरी माखल्या प्लेटा नेतेत का? लोकं काय म्हनतीन?"
भडकले. मग रडले. मग हसूच आवरेना. त्या बिचाऱ्या घाबरून दुसऱ्यांदा चहा टाकून राहिल्या होत्या. शेठ म्हणतात, कापणीनंतर या. तेव्हा नाही चाललं तर विषय संपला.

४ ऑक्टो.
समजावलं, ती घाण नव्हती, विरजण होतं.
सासूबाई: "मंग म्या तुहं दहीच धुतलं वं."
डब्याच्या तळाशी थोडा गाळ उरलाय. त्याच्यावरच पुन्हा प्लेटा लावल्या.

२६ ऑक्टो.
थर धरतोय. पातळ. डब्याला जुनी गोधडी गुंडाळलेली दिसली. मी नाही गुंडाळली. सासूबाई लाडक्या आहेत माझ्या, काय करू.

१६ नोव्हें.
डबा मिलमध्ये पोचला. स्कूटीवर सासूबाईंच्या मांडीवर बसून. शेठचा माणूस फडकं घेऊन पुढे आला, तर ह्या केवढ्यानं ओरडल्या: "हात नोको लावू! माखल्याच राहू दे!"
थर पहिल्याइतका नाही. पट्टी उद्या सकाळी.
येताना बांधीवर थांबलो. कापणी झालेली, बांध एका जागी फुटलेला. पदर खोचून माती लावायला बसल्या.
"पडीत ठेवणार होता ना? मग कायले?"
"पट्टी तं पाहू दे," म्हणाल्या. मीही खाली बसले, माती द्यायला.