चेंदणीची भागी

ठाणे, वैशाख वद्य पंचमी

भागी आज दुपारी गेली. जेमतेम सात वर्षांची. सुट्टी लागल्यापासून आम्ही हायस्कुलातले तिघे चेंदणीच्या कोळीवाड्यात पटकीच्या रोग्यांना उकळलेलं पाणी नि औषध पाजत होतो. काल तिने पेज मागितली, तेव्हा वाटलं, ही वाचली. शेवटपर्यंत माझं बोट धरून होती. काय उपयोग झाला आमचा?

घरी आलो तर तात्या दारातच उभे.

"त्या पोरीला शिवलास?"

"हो. ती गेली, तात्या."

"आधी विहिरीवर आंघोळ कर."

कशी गेली, एका शब्दाने विचारलं नाही. आंघोळ केली, तरी बोटावरची तिची पकड जात नाही.

जेवताना तात्या म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीने कल्याणला मामांकडे जा. शाळा उघडेपर्यंत तिथंच राहायचं." त्यांनाही भीती वाटत असेल, मी एकुलता एक. पण बाकीच्या दोघांनाही घरच्यांनी कालच अडवलंय. आता तिथं जाणार कोण?

भागीच्या धाकट्या भावाला संध्याकाळपासून उलट्या होताहेत. मी निघालो तेव्हा त्याची आई म्हणाली, "उद्या येशील ना रं, बाला?"

मी हो म्हणून आलोय.