मधली खुर्ची

ता. ३० जुलै १९७४, मंगळवार. पहाटे ५.
घंटेच्या आवाजाने जाग आली. घंटा कुठली! लहानपणी होटगीच्या आमच्या शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला असे. त्यावर हातोडा पडला की ठण्ण! आणि साठ पोरं एका सुरात आर्या म्हणू लागायची. पंचावन्न वर्षे झाली. आज तो आवाज खास माझ्यासाठी आला. अर्थ उघड आहे : गुरुवारच्या संगतीला शिस्त हवी. बावीस वर्षे मंडळी आमच्या घरी प्रार्थनेला जमते, पण मध्यभागी काय? चहाची किटली! माझ्या बायकोने, अंबूने पाडलेली चाल. अंबू गेली, किटली राहिली.
निश्चय : मध्यभागी ख्रिस्त. चहा बंद. सतरंजीच्या मधोमध एक रिकामी खुर्ची, फक्त प्रभूसाठी. मी कोपऱ्यात.

१ ऑगस्ट, गुरुवार.
खुर्ची मांडली. निवृत्तीच्या वेळी शाळेने दिलेली, वेताची, हातांची. चौदा जण आले. कल्पना थोडक्यात समजावली (पाऊण तास). पेटी वाजवणारा मल्लप्पा म्हणाला, "खुर्ची रिकामी हाय, मास्तर, मग बोलतंय कोण?" 'बोलतोय कोण' असे हवे. कानडी माणूस, लिंगाचा घोळ व्हायचाच. सोडून दिले.
मोह नको म्हणून किटली संगतीतल्या सोजरबाईला देऊन टाकली. ती म्हणाली, "अंबुबाईची हाय. जपून ठिवते की."

४ ऑगस्ट, रविवार.
खुर्चीवर आठ आर्या रचल्या. चर्चच्या पायरीवर पाळकसाहेबांना पाच ऐकवल्या. त्यांना घाई होती. उरलेल्या तीन गुरुवारी.

८ ऑगस्ट, गुरुवार.
नऊ जण. खुर्चीवर चष्म्याचे घर, घड्याळ आणि आर्यांची वही ठेवली. खाली ठेवली तर पायाखाली येते.
सोजरबाईने नवा माणूस आणलाय, भिमा. अडत बाजारात हमाल. उशिरा आला तो थेट खुर्चीत बसला. माझ्या वहीवर! उठवले. नम्रपणेच. आवाज जरा वर्गातला लागला असेल. तो म्हणाला, "मला वाटलं, दमलेल्यासाठी ठिवलीया." दाराशी जाऊन उभा राहिला. सोजरबाईही उठून त्याच्या शेजारी उभी राहिली, शेवटपर्यंत. प्रभूच्या आदरार्थ असावे.

१५ ऑगस्ट, गुरुवार.
तिघे. लोक सकाळच्या झेंडावंदनाने थकले असणार.
आज खुर्चीत मी बसलो. प्रभूची जागा कुणी बळकावू नये म्हणून राखण हवीच. गुडघेही दुखतात, पण ते कारण नव्हे.
मल्लप्पा पेटी घेऊन गेला. भाता गळतो म्हणे. मला तर ऐकू आला नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार.
पाळकसाहेब येऊन गेले. संगत आता सोजरबाईच्या खोलीवर भरवू या का, म्हणाले. साफ नकार दिला. अंबूचा गुरुवार या घरातून उठला तर मागे काय राहते? मी आणि मांडणीवरच्या ताटल्या. हे त्यांना बोललो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे, एवढेच म्हणालो. ते म्हणाले, "मंडळी काही तत्त्वाच्या घरी राहत नाही, मास्तर." वाक्य चांगले आहे, पण वृत्तात बसत नाही.
गुरुवारी सगळे येतील. मन ओळखतो मी लोकांचे. एकेकाळी यातल्या निम्म्यांचे कान धरलेत.

२२ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळ, ६.
सतरंजी झटकली. खुर्ची पुसून मधोमध. आर्या आता एकोणीस.
६.३५. आमचे घड्याळ पुढे असावे.
७.००. घड्याळ बरोबर आहे. वचनाप्रमाणे प्रभू मध्ये येतो, पण त्याच्या नावाने जमलेले दोघे-तिघे तरी लागतात. एकट्या माणसाचा मध्य कुठे काढायचा? भूमितीत मी कच्चाच होतो.
या वेळेला किटलीचे झाकण खडखडायचे. अंबू आतून हाक मारायची, "पुरे की आता तुमच्या कविता!" ती हाक ऐकली की मंडळी हसायची. मीसुद्धा.
७.१०. दार वाजले. भिमा! बाकी कुणीही आले असते तर आश्चर्य वाटले नसते. एवढे लिहून होऊ दे म्हटले, तर उंबऱ्याबाहेरच उभा राहिलाय. आत ये म्हणायचे सुचले नाही, आता म्हटले. खुर्ची न्यायला आलाय. "सोजरबाई म्हनल्या, मास्तरास्नी खाली बसवत न्हाय, खुर्ची डोईवर घे अन् मास्तरास्नी संगं आन. पाळकसायेब, मल्लप्पा, समदी खोळंबल्यात."
विचारले, एवढ्याशा खोलीत ही मध्यभागी मावेल का?
"मधी किटली हाय," म्हणाला. "तुमची खुर्ची भिंतीकडंला."
खुर्ची उचललीसुद्धा त्याने. वही बरोबर घेऊ का, मी विचारले.
"घ्या की. पर चला, मास्तर. चा निवतुया."