हळदीच्या व्हिडिओतली तुमची पाठ

सोनिवली, बदलापूर

तीर्थरूप किसनमामांस,

चंदरचा वाकून नमस्कार (पाय मागे घेऊ नका, कागदावरच वाकलोय). तुमचा गुडघा कसा आहे? अंबरनाथच्या त्या जिन्याला अजून शिव्या घालता का? इकडे सर्व ठीक. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात म्हणून पत्र लिहितोय. आईला म्हटलं तू फोन लाव, तर म्हणाली, माझ्या भावाला उपाशी तू घालवलंस, आता तूच बोलव.

तर मामा, माझ्या लग्नाच्या शूटिंगची हार्ड डिस्क गेली. गेली म्हणजे आईने घालवली, पण तिला बोलणार कोण? फोटोवाल्याने दिली तेव्हापासून ती देव्हाऱ्यात. दर दसऱ्याला कोयता, ट्रॅक्टरची चावी आणि हार्ड डिस्क, तिघांना हळदकुंकू आणि वरून फुलाने पाणी. पाच वर्षं त्या डिस्कने हे मुकाट सोसलं. आण्णा गेल्यावर आईला त्यांचा हळदीतला नाच बघायचा होता (जन्मात एकदाच नाचला आमचा बाप, तोही तुम्ही हाताला धरून ओढलंत म्हणून), तेव्हा लावली, तर आतून नुसतं टक-टक, टक-टक. आमच्या हिने, तेजस्वीने, मोबाईलवर बघून सांगितलं, फ्रीजरमध्ये ठेवा, बरी होते. दोन दिवस बोंबलांशेजारी ठेवली. मग टक-टकही बंद झालं.

शेवटी उल्हासनगर, तीन नंबर कॅम्प. जीन्सच्या कारखान्यांमधून वाट काढत वरच्या माळ्यावर बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या कमलेशभाईंचं दुकान. त्यांनी आधी डिस्क हुंगली, मग चिमट्याने पिनेच्या जागेतून कुंकू काढलं आणि विचारलं, "साईं, इसकी पूजा किया कि सब्जी बनाया?" मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी हात जोडले (डिस्कला की मला, कळलं नाही). तीन आठवडे मी शेअर रिक्षात अर्ध्या सीटवर लटकत जायचो आणि ते नुसती मान हलवायचे. हसू नका मामा, पण त्या बाकड्यावर बसून मला आण्णांच्या वेळचं हॉस्पिटल आठवायचं. तिथेही अशीच मान हलवत होते.

परवा जे निघालं ते घेऊन आलो. जिलेबीची कढई चाळीस मिनिटं शाबूत. मंडपाचं छप्पर शाबूत. डीजेवाल्याचे बूट तर एकदम स्पष्ट. आणि आण्णांचा नाचही आला, मामा! अकरा सेकंद. पण त्यात पडदाभर तुमची पाठ आहे. नवा मोबाईल आण्णांवर धरून तुम्ही कॅमेऱ्यापुढे उभे, आणि तुमच्या टकलाच्या वर आण्णांचा रुमाल धरलेला हात तेवढा फिरतोय. मग माझा आवाज येतो, "ओ मामा, बाजूला व्हा ना! ठेवा ते डबडं खिशात!" सगळ्या पाहुण्यांत. तुम्ही ताटाला हात न लावता गेलात. आण्णांना नेलं तेव्हा तुम्ही स्मशानात लांब फाटकाशी उभे होतात, तेव्हाच येऊन पाय धरायला हवे होते. धरले नाहीत. चुकलो मामा.

तुमचा भाचा,
चंदर

ता. क. ते डबडं अजून आहे का? त्यात आण्णा समोरून असतील.

ता. क. २. पुसलं असेल तरी या. त्या दिवशीचं जेवण राहिलंय.

ता. क. ३. वर इकडे सर्व ठीक लिहिलंय, ते खोटं आहे. आई दिवसभर ते अकरा सेकंद लावून बसते, पडद्यावर तुमच्या पाठीला बोटाने हळूच ढकलते आणि म्हणते, किसना, जरा सरक ना रे.