कुत्र्याचा रकाना

शनि. ८ नोव्हें.
मोडनिंबच्या पुढच्या फाट्यावर ८.५० ला एसटीतून उतरले. ९.०५ ओढ्यावरची चिंच. वानरांची टोळी अजून झाडावरच, शेपट्या खाली लोंबताहेत. खालून गेले तरी एकही हललं नाही. दोन वर्षांपूर्वी माझी पिवळी टोपी दिसली की ओढ्यापार पळायची. आता ओळख झाली. उगाच बरं वाटतं.

९.४० टोळी सुभद्राकाकींच्या डाळिंबात. एकोणीसच्या एकोणीस वानरं. कानतुटी पुढे. म्हातारी, डाव्या कानाचा तुकडा नाही. टोळीत नर धिप्पाड आहे, पण जायचं कुठे ते ही ठरवते. कुत्रा: बां.

काकींनी चहा दिला. "तुमी आला की येत्यातच बगा." काकी गोड बोलतात.

अम्माला घरी आल्यावर सांगितलं. ती तेलुगूतच हसली. मग म्हणाली, "कॉलेजातली पोरं तुझ्या तासाला येत नाहीत, कोती मात्र वेळेवर हजर." अम्माच्या तोंडी सगळी माकडं कोतीच, वानर असो की आणखी कुणी.

सोम. १०
तिसरं प्रकरण जवळजवळ झालं. ‘वानरटोळीच्या शेतभेटींची वेळ.’ सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, जवळपास न चुकता. मार्गदर्शक सर खूश. विद्यापीठाची समिती ८ डिसेंबरला. नोंदणी जूनमध्ये संपते, मुदतवाढ एकदा घेऊन झालीय. शेहेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करणारीला लोक विचारतात, आता काय उपयोग? मलाही नीट सांगता येत नाही. पण हवी आहे.

बुध. १२
परीक्षेची ड्यूटी, मळ्यात जाता आलं नाही. काकींना फोन केला, वानरं किती वाजता येतात तेवढं बघा. संध्याकाळी उत्तर: "आज न्हाय आली. तुमी न्हाय तर कशाला येतील?"
हसले. फोन ठेवला. मग हसू गेलं.

शनि. १५
विचारायला इतके महिने लागले.
"काकी, मी नसते तेव्हा वानरं येतात का हो?"
"न्हाय की. फौजदार सुटा असतोय न्हवं." फौजदार म्हणजे काकींचा कुत्रा.
"मग तो कधी बांधता?"
"तुमी यायच्या येळंला. पयल्या दिशी तुमच्या अंगावर धावला, तुमी किती वरडला! पावण्याला कुत्रं चावू द्यायचं व्हय?"

दोन वर्षांच्या सगळ्या वह्या काढल्या. रकाना सहावा, पानापानावर: कुत्रा बां., बां., बां. बांधलेला. मी रकाना इमानाने भरला आणि एकदाही विचारलं नाही की एरवी काय. म्हणजे सकाळी साडेनऊ ही वानरांची वेळ नव्हेच. ती माझी वेळ. एसटीची.

दुसरं त्याहून वाईट. गोठ्यामागे पोत्याखाली झाकलेला ढीग दिसला. चावलेली डाळिंबं. मला दिसू नये म्हणून झाकलेली. मी इकडे झाडाखाली बसून खुशीत लिहीत होते, ‘फळ: एक चावा, टाकलं.’ काकींनी दोन वर्षांत एक शब्द काढला नाही. लाज वाटली, फार.

बुध. १९
काकींना म्हटलं, आज फौजदार सुटा ठेवा. बाजेवर पाय वर घेऊन बसले. तो आला, चपला हुंगल्या, बाजेखाली झोपला. इतके दिवस कशाला घाबरले कुणास ठाऊक.
९.३५ टोळी बांधापर्यंत आली. कानतुटी लिंबावर बसली. माझ्याकडे पाहिलं, फौजदाराकडे, परत माझ्याकडे. चाळीस मिनिटं. खाली उतरली नाही. टोळी परत.
जाताना तिने जे तोंड केलं ते वहीत लिहिता येत नाही. त्याला रकाना नाही.

शनि. २२
उलटा प्रयोग. मी सोलापुरात, फौजदार सकाळी बांधलेला. काकींचा फोन, अकरा वाजता: "एक बी न्हाय."

चिंचेवरून मळा दिसत नाही, मध्ये बांध आहे, उसाचं रान आहे. कुत्रा बांधलाय की सुटा हे त्यांना तिथून कळायचा मार्ग नाही. मग कळतं कसं?
माझ्यावरून. चिंचेखालून टोपी गेली की मळा मोकळा.
चिडायला हवं. पण दिवसभर एकच वाटतंय: कधी शिकली ही? कानतुटीने आधी हेरलं की पिल्लांनी?

रवि. २३
फाट्यावर न उतरता पुढे उतरले, कालव्याच्या अंगाने मळ्यात आले, चिंच टाळून. फौजदार बांधलेला. साडेबारापर्यंत शुकशुकाट. खात्री पटली.
निघताना काकींना सांगितलं, डाळिंबाची तोड होईपर्यंत मी येणार नाही. फौजदार मोकळा राहू द्या.
"आवं आसं काय करताय! तुमचा अभ्यास?"
"अभ्यासाचं बघते."
काकींनी पिशवीत डाळिंबं घातली. न चावलेली. घ्यायला हात होईना.

मंगळ. २५
सरांना सगळं सांगितलं. त्यांनी प्रकरण परत चाळलं. मग, "टोळी आली हे खरं ना? वेळ खरी ना?"
"हो."
"मग कुत्रा तळटीपेत टाका, मॅडम. समितीत कोण तळटीप वाचतंय?"
वाईट माणूस नाही. माझी नोंदणी वाचवायला बघतोय.
‘बघते’ म्हटलं आणि निघाले.

रवि. ७ डिसें.
तळटीप लिहिली, खोडली. लिहिली. अम्मा लसूण सोलत होती. तिला विचारलं काय करू. म्हणाली, "चुकीच्या धाग्यावर चादर पुढं विणत गेलं, तर उसवताना सगळीच उसवते." अम्माने पन्नास वर्षं मागाजवळ काढलीत. तिला तळटीप कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

सोम. ८
सांगितलं. पहिल्याच मिनिटाला, धीर सुटायच्या आत. तिसरं प्रकरण मागे घेतलं. समितीतल्या एक बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या प्रबंधाचा विषय नक्की काय? वानरं, की तुम्ही?"
सगळे हसले. मीही. पण प्रश्न बरा होता.
मुदतवाढीचं ‘बघू’. म्हणजे काय ते सरांनाही माहीत नाही.

शुक्र. १२
दुपारी काकींचा फोन. तोडीला अजून पंधरवडा, फळ शाबूत आहे, फौजदार दिवसभर सुटा. ऐकून जीव हलका झाला. मग म्हणाल्या, "एक सांगायचं ऱ्हायलं. ती तुमची कानतुटी. सकाळी चिंचंवरनं उतरून ओढ्याच्या पुलावर बसती. फाट्याकडं तोंड करून. एस्टी गेली, की मंग उठती."
मी खुर्चीवरून उठले. "रोज?"
"रोजचं काय ठावं न्हाय. बुदवारी बचत गटाची बैठक असती, तवा मी तिकडनं जाते. तीन येळा दिसली."
बुधवार. मी यायचे ते बुध, शनि, रवि.
"आणि बाकीच्या वारी?"
"बाकीच्या वारी मी कशाला जातीया तिकडं?"
म्हणजे काकींचाही तोच घोटाळा. आपण जातो तेवढंच आपल्याला दिसतं.
म्हटलं, "काकी, उद्या शनिवारी जाल? आणि मग सोमवारी?"
"सोमवारी? तुमी तर सोमवारी कवाच येत न्हवता."
"म्हणूनच."
फोनवर मागे फौजदार भुंकला.
"म्हंजी ती तुमची वाट बगती, का नुसतीच बसती, त्ये बगायचं व्हय?"
"व्हय," मी म्हटलं.

नवी वही काढली. खरं सांगायचं तर ती उद्या बसलेली असावी आणि सोमवारी नसावी, असं मला फार वाटतंय. अभ्यास करणाऱ्याला असं वाटणं बरं नाही. रकाने आखून ठेवले.

शनि. १३. कुत्रा: सुटा. निरीक्षक: सोलापुरात. कानतुटी: