वुकोताच्या पिस्तुलाचा परतीचा आहेर

१८ ऑक्टोबर
लिहितेय रोसांडा, माझी सून. बोलतेय मी. तिला बजावलंय – पदरची साखर घालायची नाही!

आज शेजारचा वुकोता आला. हातात लोकरीचा मोजा. म्हटलं, भोक पडलं असेल, शिवून हवा असेल. मोज्यातून निघालं काय – रिव्हॉल्व्हर! एवढंसं. माझ्या तळव्यात मावलं.

"मित्रोवदानच्या सणाला जातोय, स्टाना. पोडगोरिचाला, शहरात लेकीकडे. कायमचा. हे तुला."

"मला कशाला? गोळी कुणाला घालू, कोंबड्यांना?"

"आजोबांनी ऑस्ट्रियन अधिकाऱ्याच्या कमरेचं काढून घेतलेलं आहे. नीट बोल त्याच्याबद्दल!"

ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय, की तो अधिकारी आता माझाही नातलग लागतो.

लेक त्याला म्हणते, "बाबा, बायको गेली, गेल्या हिवाळ्यात कुत्राही गेला. तुमच्या घरी भुंकायलासुद्धा कुणी उरलं नाही." खरंच आहे. तो गेल्यावर चुलीपाशी बसून राहिले. इतकी वर्षं त्याच्या खोकल्याने मला जाग येते. म्हणून तर कधी घड्याळ घेतलं नाही.

१९ ऑक्टोबर
आहेर आला की परतीचा आहेर. तोडीस तोड! कमी दिला तर आपलं नाक जातं, जास्त दिला तर त्याचं. आणि माणूस गाव सोडतोय, म्हणजे द्यायचा तो मित्रोवदानच्या आत, तीन आठवड्यांत. पण पिस्तुलाची किंमत कुणाला ठाऊक?

रोसांडा म्हणाली, "आई, त्सेतिन्येला गाव्रो म्हणून आहे. जुनी हत्यारं पारखतो. रविवारी नेते गाडीतून."

२१ ऑक्टोबर
आमच्या गारा कुत्रीची पिल्लं पायात पायात. दूध सुटलं, आता माझं चीज चोरतात. बाप कोण, गारालाच ठाऊक.

२४ ऑक्टोबर
परक्याकडे मळक्या कपड्यात जात नाहीत. पिस्तूल पार काळवंडलेलं. आमच्या डोंगरात भिंतीवरचं हत्यार चमकत नसेल तर घरातल्या बाईला नावं ठेवतात. राख घेतली, व्हिनेगर घेतलं, तारेची घासणी घेतली. दुपारभर घासलं. असं लखलखलं, की त्यात बघून डोक्याचा रुमाल नीट केला!

रविवार
गाव्रोने मोजा उघडला आणि मटकन खाली बसला.

"आजी! हे कुणी केलं?"

"मी," म्हटलं, ताठ मानेने.

"शंभर वर्षांपूर्वीची निळी झिलई होती यावर. तुम्ही निम्मी किंमत घासून टाकलीत!"

"मळ होता तो."

"या धंद्यात मळाचेच पैसे मिळतात, आजी."

मग भिंग लावलं. दस्त्याकडून नळीकडे, नळीकडून दस्त्याकडे. गोल फिरणाऱ्या भागावर इवलासा लांबट शिक्का – बेल्जियममधल्या लिएज शहराचा. गोळीवर आपटणारा घोडा वरून दिसतच नाही, चाप दुमडून आत जातो, म्हणजे खिशातून काढताना अडकत नाही. गोळी साडेपाच मिलिमीटरची. पेन्सिलीपेक्षाही बारीक!

"अधिकाऱ्याचं नाही हे," गाव्रो म्हणाला. "सायकलवाल्याचं. तेव्हा सायकलींच्या मागे कुत्रे लागायचे. त्यांना घाबरवायला ही बनवायचे."

"कुत्रे?"

"कुत्रे. आता दीडशे युरो येतील. न घासता तीनशे आले असते. आणि ठाण्यात नोंद करा, मग खुशाल भिंतीला टांगा."

परतताना मी इतकी हसले, की रोसांडाला गाडी थांबवावी लागली. तीही हसत होती. हे मुद्दाम लिहायला लावलंय.

२८ ऑक्टोबर
ठाण्यात नोंद झाली. वुकोताला कुंपणावरूनच सांगितलं. "तुझ्या आजोबांनी अधिकारी नाही, सायकलवाला पकडला!"

लालेलाल झाला. "या डोंगरात सायकल आली कुठून?"

"तेच विचारतेय! कडेवर घेऊन चढला असेल बिचारा."

हसला नाही. तंबाखू चिमटीत तशीच धरून उभा. मग म्हणाला, "लेकीच्या खिडकीतून काय दिसतं, माहितंय? समोरची खिडकी." घरमालकाने म्हणे लिहून घेतलंय – शेळी नाही, कुत्रा नाही, बाल्कनीत तंबाखूही नाही.

मला आणखी चिडवायचं होतं. जमलं नाही.

२ नोव्हेंबर
रोसांडा म्हणते, "दीडशेचा आहेर द्या आणि सुटा."

कशी सुटू? नासलं माझ्या हाताने, झळ त्याला का? तीनशेचाच द्यायचा. पण काय? मेंढी? तिसऱ्या मजल्यावर चरेल काय? घोंगडी? शहरात भिंतीच गरम असतात म्हणे.

४ नोव्हेंबर
कणीक मळताना सुचलं! एकटीच हसले. काय सुचलं ते इथे सांगत नाही. कारण इथे सांगितलं की सगळ्यात आधी सुनेला कळतं.

७ नोव्हेंबर
आहेराला अंघोळ घातली. राखेने नाही!

८ नोव्हेंबर, मित्रोवदान
वुकोताच्या लेकीची गाडी दारात, निरोपाला गाव गोळा. बोचकी आत, वुकोता अर्धा आत. मी गेले, आणि गाराचं थोरलं पिल्लू त्याच्या मांडीवर ठेवलं. गळ्यात तोच लोकरीचा मोजा बांधलेला.

"पिस्तुलाचा परतीचा आहेर," म्हटलं. "कुत्र्यांसाठीचं हत्यार दिलंस, कुत्रा घे. तोडीस तोड. मोठं झालं की लांडग्याशी झुंजेल. तीनशेला तर कुणी विकणारही नाही!"

लेक ओरडली, "मावशी, अहो घरमालक!"

"मग नाही म्हणू दे तुझ्या बापाला. पण गावासमोर म्हणू दे."

वुकोताने पिल्लाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पिल्लाने त्याच्या मांडीवरच कार्यक्रम उरकला.

"पोरी," तो लेकीला म्हणाला, "आहेर नाकारता येत नाही."

९ नोव्हेंबर
सकाळी कुंपणापलीकडच्या खोकल्याने जाग आली. मग भुंकण्याने.